शेगडीची निगा, डागडुजी आणि निखाऱ्यांची जोखीम

मराठवाड्यात थंडी पडू लागली, की ज्वारीच्या शिवारात हुरड्याच्या आगट्या पेटतात. नांदेड आणि लातूर शहरांतील कुटुंबे सुटीच्या दिवशी रानात जातात आणि गूळभेंडी किंवा सुरती वाणाची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून, हातावर चोळून, चटणीसोबत खातात. ही हौस आता गच्चीवर आणि अंगणातही आली आहे. वांगी, रताळी, मक्याची कणसे, पनीर वा शीगकबाब भाजण्यासाठी कोळशाची शेगडी, जाळीचा 'बार्बेक्यू' किंवा क्वचित गॅसवरील ग्रिल घेतले जाते. पहिला हिवाळा कौतुकात जातो आणि पावसाळ्यानंतर तीच शेगडी गंजलेल्या अवस्थेत अडगळीत सापडते. वास्तविक थोडी निगा राखल्यास साधी लोखंडी शेगडी अनेक वर्षे टिकते. निखाऱ्यांबाबतची बेफिकिरी मात्र जिवावर बेतू शकते, आणि तीही बहुधा खाणे आटोपल्यानंतर.

जस्ती पत्रा नको

शेगडी तयार विकत घ्यावी किंवा लोहाराकडून करवून घ्यावी. पत्रा कोणता आहे, हे आधी पाहावे. पाण्याची जुनी बादली कापून शेगडी करण्याची पद्धत सर्रास आढळते. परंतु ही बादली बहुधा जस्ती असते. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते आणि धगधगत्या कोळशाचे तापमान त्याहून बरेच अधिक असते. तापलेल्या जस्ताची वाफ श्वासातून गेल्यास थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. रंगाचे वा रसायनांचे रिकामे पिंप आणि जुन्या फ्रीजमधील जाळ्या यांनाही तोच नियम लावावा, कारण त्यांच्यावरील मुलामा कशाचा आहे हे सांगता येत नाही. साधा काळा लोखंडी पत्रा, ओतीव लोखंड किंवा स्टेनलेस स्टील हेच भाजण्यास योग्य होय.

लिंपणाची दुरुस्ती

शेगडीचा खरा जीव तिच्या आतील मातीच्या लिंपणात असतो. ते धग आत राखते आणि पत्रा जळू देत नाही. लिंपणाला तडे गेले, की तेथील पत्रा लाल होऊ लागतो आणि एक-दोन हंगामांत भोक पडते. दुरुस्तीसाठी अनेक जण दाराशी सहज मिळणारी काळी माती वापरतात व पुन्हा पुन्हा फसतात. कापसाला मानवणारी ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगाच लिंपणाला पडतात. त्याऐवजी कुंभाराकडील माती किंवा माळवदाच्या घरांना वापरली जाणारी पांढरी माती घ्यावी. दोन वाटे मातीत एक वाटा चाळलेली वाळू आणि मूठ-दोन मूठ बारीक भुसा मिसळून ती मळावी व रात्रभर मुरू द्यावी. भुसा जळून गेल्यावर राहणारी बारीक छिद्रे लिंपणाला तडकण्यापासून वाचवतात.

जुने सुटे लिंपण खरवडून, पत्रा किंचित ओला करून, बोटभर जाडीचा थर हाताने दाबत द्यावा. सावलीत चार-पाच दिवस वाळवावे. उन्हात ठेवण्याची घाई केल्यास वरचा पापुद्रा आधी वाळतो व सुटतो. पहिला विस्तव अगदी मंद असावा. सिमेंटचा मोह टाळावा. साधे सिमेंट अशा धगीत ठिसूळ होऊन त्याचे कपचे उडतात. मधली जाळी वाकली असल्यास ती बदलणेच श्रेयस्कर, कारण वाकलेल्या जाळीतून निखारे खालच्या तोंडापाशी साचतात आणि हवा कोंडते. कडी आणि पाय यांचे रिव्हेट ढिले झाले आहेत का, हे शेगडी पेटवण्यापूर्वी पाहावे. पेटलेली शेगडी उचलताना ते कळणे फार महाग पडते.

पेटवणे आणि भाजणे

भाजण्यासाठी लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा वापरावा. दगडी कोळशात गंधक असते, त्यामुळे त्यावर थेट अन्न भाजू नये. घासलेट, पेट्रोल किंवा थिनर ओतून शेगडी पेटवणे ही आत्मघातकी सवय आहे. करोनाच्या साथीनंतर घरोघरी राहिलेल्या सॅनिटायझरचाही असा उपयोग होताना दिसतो. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि बाटलीपर्यंत पोहोचते. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा उंच डबा जाळीवर उभा करावा, तळाशी कागद व तुराट्यांचे तुकडे, वर कोळसे. पंधरा-वीस मिनिटांत कोळशावर राखाडी साय धरते. भाजणे तेव्हाच सुरू करावे. चरबी गळून भडका उडाल्यास पाणी न मारता पदार्थ बाजूला घ्यावा व झाकण घालावे.

जाळी घासण्यासाठी तारेचा ब्रश वापरल्यास तुटलेली तार अन्नातून घशात जाण्याचा धोका असतो. गरम जाळीवर अर्धा कांदा फिरवावा, किंवा काथ्याने घासावे. नंतर करडईच्या तेलाचे बोट फिरवून जाळी पुन्हा तापवली, की तिच्यावर गंज न धरणारा काळा थर बसतो.

रानातील आगटीला वेगळी खबरदारी लागते. हुरड्याच्या दिवसांत करडई, हरभरा वाळत आलेले असतात आणि जवळच कडब्याची गंजी रचलेली असते. उडालेली एक ठिणगी जनावरांची वर्षाची वैरण नेऊ शकते. आगटी गंजीपासून दूर, वाऱ्याचा अंदाज घेऊन, भोवतालचे गवत खुरपून करावी. नदीतले ओले दगड भोवती मांडू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

धूर नसलेला विस्तव

सर्वांत मोठा धोका धूर थांबल्यानंतर सुरू होतो. रात्री थंडी वाढली, की लाल निखाऱ्यांची शेगडी उबेसाठी खोलीत आणली जाते. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेकशेगडी ठेवण्याची प्रथाही अनेक घरांत आहे. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेपटींहून अधिक घट्ट बांधला जातो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे जेवण बाधल्यासारखी वाटतात. माणूस झोपतो आणि शुद्ध हरपते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते, कारण या वायूने व्यापलेले रक्तही ते प्राणवायूयुक्त म्हणून दाखवू शकते. अशा वेळी दारे उघडावीत, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एखादी फट उघडी ठेवल्याने खोली सुरक्षित होते, हा गैरसमज आहे. शेगडीची जागा घराबाहेरच. बंदिस्त गॅलरी किंवा चारचाकीचे गॅरेज हेही 'बाहेर' नव्हे.

भाजल्यास जखम वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये.

गॅसवरील ग्रिल

गॅस ग्रिलचे तंत्र वेगळे, पण थोडक्यात सांगण्यासारखे. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. बुडबुडे आल्यास गॅस बंद करून १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. ज्योत पिवळी होऊन काजळी धरू लागली, तर बर्नरच्या नळीत पाहावे. कित्येकदा आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले असते.

विझवणे आणि ठेवणे

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात निखाऱ्यांवर बादली ओतणे तसेही कुणाला रुचणार नाही; शेगडीसाठीही ते वाईटच. तापलेले ओतीव लोखंड आणि लिंपण थंड पाण्याने तडकते, आणि उसळणारी वाफ हात भाजते. झाकण घालून हवा तोडावी, किंवा वाळू टाकावी. गोवरीच्या राखेत विस्तव दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन दिवस ठेवून मगच फेकावी. प्लास्टिकच्या कचरापेटीत वा उकिरड्यावर लगेच टाकू नये. पुरेशी गार झालेली राख मात्र शेगडीत राहू देऊ नये. पावसाळी हवेतील ओल धरून ती क्षारयुक्त होते आणि पत्रा खाते. जूनपूर्वी शेगडी रिकामी करून, तेलाचा हात फिरवून, विटांवर उंच आणि पालथी ठेवावी.