टेस्ला कॉइलसाठी घरी बांधलेला उच्च दाबाचा कपॅसिटर

टेस्ला कॉइलच्या प्राथमिक परिपथात विद्युतभार साठवून तो एका फटक्यात सोडणारा, हौशी प्रयोगकर्त्याने काच, प्लॅस्टिक, ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा, तेल किंवा मिठाचे पाणी वापरून स्वतः बांधलेला कपॅसिटर (धारित्र). कारखान्यात बनलेले छोटे कपॅसिटर माळेत जोडून केलेला संचही याच प्रकारात मोडतो. बघणाऱ्यांचे डोळे कॉइलच्या माथ्यावरून सुटणाऱ्या ठिणग्यांवर असतात. बांधणाऱ्याची कसोटी मात्र खाली ठेवलेल्या या डब्यात लागते. हौशी कॉइल बंद पडते ती पुष्कळदा इथेच.

परिपथ साधा आहे. रोहित्र घरातला दाब १० ते १५ किलोव्होल्टपर्यंत चढवते आणि कपॅसिटर भरते. दाब पुरेसा वाढला की स्पार्क गॅपमधली (दोन धातूच्या टोकांमधल्या फटीतली) हवा फुटून वाहक बनते आणि साठलेला भार जाड तारेच्या प्राथमिक वेटोळ्यातून धावतो. कपॅसिटर आणि वेटोळे यांच्यात ऊर्जेची ये-जा सुरू होते, ती सेकंदाला लाख-दोन लाख वेळा. दुय्यम वेटोळ्याची स्वाभाविक वारंवारता याच्याशी जुळली की त्याच्या टोकाशी दाब शेकडो किलोव्होल्टपर्यंत जातो. म्हणजे या कपॅसिटरवरचा दाब नुसता टिकून राहत नाही, तर प्रत्येक फटक्यात अनेकदा पूर्ण उलटतो. रेडिओचे किंवा पंख्याचे कपॅसिटर इतका दाब आणि इतके जोरदार फटके सोसण्यासाठी बनलेले नसतात, म्हणून ते इथे चालत नाहीत.

धारकता किती हवी, हे रोहित्र ठरवते. निऑनच्या पाट्यांसाठी बनणारे १५ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअरचे रोहित्र हौशी मंडळींना सर्वांत परिचित. ५० हर्ट्‌झच्या विजेवर त्याच्याशी अनुनादात येणारी धारकता साधारण ६.४ नॅनोफॅरड भरते. नेमकी तेवढीच ठेवली, तर दाब बेसुमार चढून रोहित्राचे आणि कपॅसिटरचे दोघांचेही आवरण फाटू शकते. म्हणून स्थिर स्पार्क गॅप असेल तेव्हा सुमारे दीडपट, म्हणजे १० नॅनोफॅरडच्या आसपास, धारकता घेतात. अमेरिकन कोष्टके ६० हर्ट्‌झसाठी असतात. भारतात ती जशीच्या तशी वापरू नयेत. त्यांतले आकडे सहा-पंचमांश करून घ्यावेत. १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर २१ किलोव्होल्टच्या शिखर दाबाला भरला की त्यात सव्वादोन ज्यूल ऊर्जा साठते. आकडा लहान वाटतो, पण २०० किलोहर्ट्‌झला जुळवलेल्या परिपथात तीच ऊर्जा अडीचशेहून अधिक अँपिअरचा प्रवाह क्षणभर उभा करते.

या कपॅसिटरचा पूर्वज लायडन बरणी. १७४५ मध्ये पोमेरेनियात एवाल्ड गेओर्ग फोन क्लाइस्ट यांना आणि लगोलग हॉलंडमधील लायडन येथे पीटर व्हान मुशेनब्रुक यांना द्रव भरलेल्या काचपात्रात वीज साठते असे आढळले. निकोला टेस्ला यांनी आपल्या कॉइलच्या तत्त्वावरचे पेटंट १८९१ मध्ये मिळवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांना कपॅसिटरचेही पेटंट मिळाले. त्याचे सार एवढेच, की पत्रे तेलात बुडवा आणि हवेला आत जागा ठेवू नका. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील प्रयोगशाळेत मात्र त्यांनी मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटल्यांचे संच वापरले. पुढचे हौशी कारागीर बराच काळ याच दोन वाटांनी गेले.

हवेला जागा न ठेवण्याची ही सूचना घरगुती बांधणीचा गाभा आहे. नवखा माणूस रोधकाची (वीज अडवणाऱ्या थराची) जाडी मोजतो, पण कपॅसिटर बहुधा मरतो तो रोधकाला चिकटून राहिलेल्या हवेमुळे. पॉलिथिलीनचा दीड मिलिमीटर थर २१ किलोव्होल्टला मिलिमीटरमागे १४ किलोव्होल्टचा ताण सोसतो. त्याच थराला लागून हवेचा सपाट पापुद्रा उरला, तर त्यातला ताण पॉलिथिलीनच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाइतक्या पटीने, म्हणजे २.३ पटीने वाढतो. तो होतो मिलिमीटरमागे ३२ किलोव्होल्ट, आणि हवा तर सुमारे ३ किलोव्होल्टलाच फुटते. पापुद्र्यात निळसर प्रभा पेटते, ओझोन तयार होतो, प्लॅस्टिक कुरतडले जाते आणि काही मिनिटांत आरपार भोक पडते. खनिज तेलाचा स्थिरांक पॉलिथिलीनच्या जवळचा असल्याने पापुद्र्याच्या जागी तेल आले की ताणाची ही उडी उरत नाही. तेलाचे काम थंडावा देण्यापुरते नाही, ते इथे आहे.

बाटल्यांचा कपॅसिटर सर्वांत स्वस्त आणि शिकण्यासाठी उत्तम. सात सेंटिमीटर व्यासाच्या, तीन मिलिमीटर जाड काचेच्या बाटलीत पंधरा सेंटिमीटरपर्यंत मिठाचे दाट पाणी भरले आणि ती तेवढ्याच उंचीच्या मिठाच्या पाण्यात उभी केली, की जवळपास ०.६ नॅनोफॅरड मिळतात. १० नॅनोफॅरडसाठी अशा सोळा-सतरा बाटल्या समांतर जोडाव्या लागतात. आतल्या आणि बाहेरच्या पाण्यावर खनिज तेलाचा पातळ थर घातला की कडेची प्रभा दबते. बाहेरून पत्रा चिकटवण्यापेक्षा पाणी चांगले, कारण पत्र्याखाली हवा अडकतेच आणि पाणी काचेला सगळीकडे भिडते. दोष काचेचा आहे. तिचा ऱ्हास-गुणांक सुमारे ०.०१, तर पॉलिप्रोपिलीनचा ०.०००२ ते ०.०००५. तो फरक उष्णतेच्या रूपाने बाहेर येतो. बाटल्या तापतात, ठिणगी आखूड राहते आणि फार वेळ चालवल्यास एखादी बाटली तडकते.

पॉलिथिलीनची गुंडाळी बांधायला कौशल्य लागते. अर्धा मिलिमीटर जाडीचे तीन ताव एकावर एक ठेवतात, म्हणजे एका तावातले सूक्ष्म छिद्र दुसऱ्यावर येत नाही. त्यावर ॲल्युमिनिअमची पट्टी, पुन्हा तीन ताव, पुन्हा पट्टी, असे रचून घट्ट गुंडाळतात. गुंडाळीत पट्टीच्या दोन्ही बाजू कामाला येत असल्याने पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब पट्ट्या १० नॅनोफॅरडला पुरतात. पत्र्याच्या कडेपलीकडे पॉलिथिलीन चांगले चार-पाच सेंटिमीटर सोडावे. कंजुषी केली की वीज तिथूनच वळसा घालते. गुंडाळी खनिज तेलात बुडवून निर्वात पंपाने हवा ओढून घेतात. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत धीर धरणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग, आणि तिथे घाई केलेली गुंडाळी टिकत नाही. डबा हवाबंद करू नये. आत रोधक फुटून वायू झाला तर डबा फुटेल.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या दोन्ही प्रकारांची जागा कपॅसिटरांच्या माळेने घेतली आहे. पॉलिप्रोपिलीन फिल्मचे, स्पंद-प्रवाह सोसणारे ०.१५ मायक्रोफॅरड, २,००० व्होल्टचे पंधरा कपॅसिटर एकसरीत जोडले की नेमके १० नॅनोफॅरड आणि ३० किलोव्होल्ट मिळतात. प्रत्येकाला समांतर १० मेगओहमचा रोध लावतात. त्याने दाब सारखा वाटला जातो आणि खेळ थांबल्यावर भार निचरतो. निवडताना पॉलिएस्टर आणि उच्च स्थिरांकाचे सिरॅमिक टाळावे, दोन्ही उच्च वारंवारतेला तापतात. ज्याला कॉइल वर्षानुवर्षे चालवायची आहे त्याने माळच बांधावी. बाटल्या आणि गुंडाळी यांचे मोल वेगळे आहे: ऊर्जा पत्र्यात नसते, रोधकावरच्या ताणात असते, हे त्या हाताला शिकवतात.

धोक्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे. उच्च वारंवारतेची वीज कातडीवरून निघून जाते, म्हणून टेस्ला कॉइल निरुपद्रवी, असे सांगितले जाते. प्राथमिक परिपथाला ते मुळीच लागू नाही. तिथे ५० हर्ट्‌झचे ३० मिलिअँपिअर रोहित्रातून थेट येतात. छातीतून गेल्यास ते हृदय थांबवू शकतात, आणि भरलेला कपॅसिटर त्याखेरीज. मायक्रोवेव्ह ओव्हनचे रोहित्र याहून किती तरी पटीने जास्त प्रवाह देते. त्याने माणसे मेली आहेत, त्याला हात लावू नये. फार जुन्या भंगारातले तेलाचे कपॅसिटर फोडू नयेत, त्यांत पीसीबी हे विषारी तेल असू शकते. चालू कॉइलजवळ वीज तोडता येईल असा दुसरा जाणता माणूस हवा. विद्यार्थ्यांनी हे काम शिक्षकाशिवाय करू नये. काम थांबल्यावर आधी प्लग उपसावा आणि मग भूसंपर्क केलेली तार लांब रोधक दांडीने कपॅसिटरच्या टोकांना लावावी. एकदा रिकामा झालेला कपॅसिटरही, विशेषतः काचेचा, रोधकात मुरलेल्या भारामुळे थोड्या वेळाने पुन्हा दाब दाखवतो. त्यामुळे फडताळात ठेवलेल्या कपॅसिटरचीही दोन्ही टोके तारेने जोडूनच ठेवावीत.