'अतिजोखमीचा गट' आणि परिषद : सांगलीतील एका प्रयोगाविषयी

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना वेश्याव्यवसायातील काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही आढळला. भारतातील या साथीचा इतिहास तेथून मोजला जातो. पुढे आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत 'अतिजोखमीचा गट' हा शब्दप्रयोग रुळला. ज्यांना रोगाचा धोका होता, त्यांनाच समाज धोका समजू लागला. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली ६४ दिवस स्थानबद्ध ठेवले गेले, ते याच दृष्टीने. तपासणी करा, वेगळे काढा, साथ थांबेल, असा हा हिशेब होता.

या हिशेबाला पहिला मोठा छेद दिला तो कोलकात्याच्या सोनागाचीने. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी तेथे वस्तीतल्या स्त्रियांनाच आरोग्यदूत म्हणून तयार केले. कंडोम वाटणे सोपे होते. ते वापरायला गिऱ्हाइकाला भाग पाडणे कठीण. एकीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जाई, आणि सावकाराचे देणे डोक्यावर असलेल्या बाईला नकार परवडत नसे. म्हणून सर्वांनी मिळून नकार देणे आवश्यक झाले. १९९५ साली स्त्रियांची स्वतःची पतसंस्था, 'उषा', निघाली. रोगप्रतिबंधाच्या कार्यक्रमातून पतसंस्था निघावी, यातच या प्रयोगाचे नवेपण आहे.

त्याच १९९२ साली सांगलीत मीना शेषू यांनी 'संग्राम'चे काम सुरू केले. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात देवदासी परंपरेतून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कंडोमवाटप हळूहळू त्यांच्याच हाती गेले आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद. साहित्याच्या अभ्यासकाने या नावापाशी थांबायला हवे. सभ्य पर्याय उपलब्ध असताना त्यांनी शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द नावात ठेवला. 'गोलपिठा'ने १९७२ मध्ये ही वस्ती मराठी कवितेत आणली होती. इथे वस्तीतल्या बायका स्वतःच्या नावाने बोलू लागल्या. सरकारी वाक्यात जी कर्म होती, ती कर्ता झाली.

या कर्तेपणाची किंमतही मोजावी लागली. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार एड्सविषयक मदत घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे जाहीर करणे बंधनकारक झाले. 'संग्राम'ने २००५ मध्ये तो निधी नाकारला. ज्या स्त्रिया हे काम चालवत होत्या, त्यांच्याच विरोधात सही कशी करणार?

साथ ओसरली ती केवळ अशा संघटनांमुळे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाले, त्यांचा वाटा मोठा आहे. दारिद्र्य आणि जात यांचे प्रश्न तर परिषदेच्या आवाक्याबाहेरच राहिले. तरीही २००७ नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने समुदायाच्या संघटनांना प्रतिबंधाच्या कामात स्थान दिले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश पोलिसांना दिले. त्या निर्देशाच्या सव्वीस वर्षे आधी सांगलीतल्या बायकांनी आपल्या परिषदेच्या नावातच अन्यायमुक्ती मागितली होती. साथीचा इतिहास लिहिताना आकड्यांच्या शेजारी ही नोंदही हवी.