फ्रेंच रिव्हिएरा : पर्यटनाचा हंगाम

फ्रान्सच्या आग्नेय भागातील भूमध्य सागरी किनारपट्टी. कॅन, आंतीब, नीस व मांताँ ही येथील प्रमुख शहरे असून मोनाको हे छोटे राज्य याच किनाऱ्यावर आहे. स्तेफाँ लिएजार या फ्रेंच लेखकाने १८८७ मध्ये आपल्या ग्रंथास दिलेले ‘कोत दाझ्यूर’ (नीलवर्णी किनारा) हे शीर्षक पुढे या प्रदेशाचे रूढ नाव झाले. येथे जाण्यास उत्तम ऋतू कोणता, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात हिवाळा हे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते उन्हाळा असे झाले. हा पालट हवामानामुळे नव्हे, तर वैद्यकीय समजुती, दळणवळण व सामाजिक परिस्थिती यांतील बदलांमुळे घडून आला.

आल्प्सच्या रांगांमुळे उत्तरेकडील थंड वारे अडविले जातात. नीस येथे सरासरी तपमान जानेवारीत सु. ९° से., तर ऑगस्टमध्ये सु. २४° से. असते. मोसमी प्रदेशाच्या उलट येथील उन्हाळा कोरडा असतो व पाऊस मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडतो.

टोबायस स्मॉलेट हा ब्रिटिश कादंबरीकार व वैद्य प्रकृतिस्वास्थ्यासाठी १७६३ च्या अखेरीस नीसला आला. त्याच्या १७६६ मधील प्रवासवर्णनामुळे इंग्लंडमध्ये या शहराविषयी कुतूहल निर्माण झाले. १८३४ मध्ये पटकीच्या साथीमुळे सरहद्द बंद झाल्याने लॉर्ड ब्रूम हा इंग्रज मुत्सद्दी कॅन या तत्कालीन कोळीवाड्यात अडकला. तेथेच त्याने घर बांधले आणि त्याच्या मागोमाग इंग्रज धनिक आले. क्षयरोगावर खात्रीचे औषध नसल्याने सौम्य हवेतील वास्तव्य हाच उपाय मानला जाई. जेम्स हेन्री बेनेट या डॉक्टरास १८५९ पासून मांताँ येथे बरे वाटले आणि त्याच्या लेखनामुळे तेथे रोग्यांची रीघ लागली. अनेकांच्या बाबतीत मात्र ही आशा व्यर्थ ठरली. रशियाचा युवराज निकोलस उपचारार्थ आला असता १८६५ मध्ये नीस येथे वारला. मांताँच्या टेकडीवरील जुन्या दफनभूमीत इंग्रज, रशियन इ. परदेशीयांची थडगी आढळतात.

१८६० मध्ये नीस फ्रान्सला जोडले गेले आणि १८६४ मध्ये तेथे लोहमार्ग पोहोचला. त्यानंतर रोग्यांबरोबरच हौशी प्रवाशांचीही गर्दी वाढली. व्हिक्टोरिया राणीने १८९५ ते १८९९ या काळात वसंतारंभी नीसजवळील सिमिए येथे वास्तव्य केले. हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असे. उन्हाळ्यात बहुसंख्य हॉटेले बंद राहत, कारण ऊन आरोग्यास घातक समजले जाई. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधून काढल्यावर रोग्यांच्या सहवासाची धास्ती वाढली आणि स्वित्झर्लंडमधील पर्वतीय आरोग्यधामांकडे त्यांचा ओघ वळला.

पहिल्या महायुद्धानंतर सूर्यस्नान व समुद्रस्नान यांस प्रतिष्ठा लाभली. १९२३ मध्ये जेरल्ड व सारा मर्फी या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहावरून आंतीब येथील एक मोठे हॉटेल उन्हाळ्यात उघडे ठेवण्यात आले. लवकरच इतरांनीही तेच धोरण स्वीकारले. १९३६ च्या कायद्याने फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि श्रीमंतांचा किनारा सामान्यांनाही काही अंशी खुला झाला. उन्हाळी हंगाम यामुळेच पक्का झाला.

आज जुलै-ऑगस्ट हा गर्दीचा, महागाईचा व कडक उन्हाचा काळ असतो. मे-जून व सप्टेंबर हे महिने सामान्य प्रवाशास अधिक सोयीचे ठरतात. सप्टेंबरमध्ये समुद्राचे पाणीही उबदार असते. ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीचा धोका असतो. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पुरात कॅन परिसरात सु. २० जणांचा बळी गेला. हिवाळ्यास आलेली अवकळा मात्र पूर्ण नाही : नीसचा कार्निव्हल व मांताँचा लिंबू महोत्सव फेब्रुवारीच्या सुमारास भरतात. १८२० नंतरच्या दशकात इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीतून उभा राहिलेला नीसचा सागरतटीय मार्ग जुन्या हंगामाची साक्ष देतो. २०२१ मध्ये युनेस्कोने या शहराचा जागतिक वारसायादीत समावेश केला, तो ‘रिव्हिएरावरील हिवाळी विश्रामनगर’ म्हणूनच.