जुन्या दुनळीचे मोल

शंभर वर्षांपूर्वी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही साष्टी बेटावरची गावे होती. गावांभोवती भातखाचरे, खाडीलगत खाजणे आणि मधल्या डोंगरांत तीन तलाव : विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि पवई (१८९१). हिवाळ्यात खाचरांत पाणलावे उतरत, तलावांवर बदके येत आणि त्यांच्यामागे हौशी शिकारीही येत. अशा शिकाऱ्याचे नेहमीचे हत्यार म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली, बारा बोअरची छऱ्यांची बंदूक. तिलाच आपण दुनळी म्हणतो.

पुढे खाचरे इमारतींखाली गेली आणि शिकारही बंद झाली. बंदूक मात्र टिकली. आता ती पक्ष्यांऐवजी हवेत उडवलेल्या चकत्या फोडते. या खेळातले जाणकार साठ, ऐंशी, कधी शंभर वर्षांच्या जुन्या बंदुका जपून ठेवतात आणि त्यांच्यासाठी चांगली किंमत मोजतात. कारखान्यातली बहुतेक यंत्रे वीस वर्षांत भंगारात जातात. मग या यंत्राचे मोल वयाबरोबर का टिकावे? उत्तर शोधताना थोडे गणित, थोडे भौतिकशास्त्र आणि थोडा कायदाही पाहावा लागतो.

बारा म्हणजे काय?

बारा बोअर म्हणजे नळीचा व्यास बारा मिलिमीटर, असा पुष्कळांचा समज असतो. हे माप खरे तर वजनावरून आले आहे. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर एक गोळा ३७.८ ग्रॅमचा होतो. शिशाची घनता ११.३४ धरली की गोळ्याचे आकारमान ३.३३ घन सें.मी. आणि व्यास सुमारे १८.५ मि.मी. येतो. तोच बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास. सोळा बोअरसाठी हेच गणित केले तर १६.८ मि.मी. येतात. म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद होते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण फळ्यावर सहज सोडवता येईल.

या नळीतून एकच गोळी जात नाही, छऱ्यांचा पुंजका जातो. ऑलिंपिकच्या काडतुसात आज जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे भरता येतात. एक छरा साधारण २.४ मि.मी. व्यासाचा, म्हणजे एका काडतुसात सुमारे तीनशे छरे होतात. गोल वस्तूचे वस्तुमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, तर हवेला अडणारे क्षेत्रफळ वर्गाप्रमाणे. त्यामुळे छरा जितका बारीक, तितकी हवा त्याला लवकर थोपवते. पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे त्यात फारसा जोर राहत नाही आणि सुमारे दोनशे मीटरवर तो जमिनीवर पडतो. तरीही तेवढी मोकळी जागा राखावीच लागते. रायफल-पिस्तुलाची रेंज वरळीसारख्या भरवस्तीत राहू शकते. चकतीच्या नेमबाजीला माळरान लागते, आणि उपनगरांत आता ते उरलेले नाही.

कबुतरापासून चकतीपर्यंत

हा खेळ इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरांवर सुरू झाला. कबुतरे पेटीत ठेवत आणि दोरी ओढून पेटी उघडत. त्या पेटीला ‘ट्रॅप’ म्हणत. आजच्या ट्रॅप नेमबाजीचे नाव तिथून आले. पुढे अमेरिकेत काचेचे पोकळ गोळे उडवून पाहिले गेले. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की याने मातीची पसरट चकती काढली. पाण्यावर भाकऱ्या काढताना चपटा दगड जसा गिरक्या घेत जातो, तशी ही चकती हवेवर तरंगत जाई. पण भाजलेली माती फार कडक होती, छरे लागूनही चकती कधीकधी फुटत नसे. म्हणून डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांची ठिसूळ चकती आली. तिचा व्यास ११० मि.मी. आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम. नावात माती राहिली, वस्तूतून ती गेली.

१९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकवेळी जिवंत कबुतरांवरची स्पर्धाही झाली होती. इंग्लंडने १९२१ मध्ये पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांवर बार टाकण्यास कायद्याने बंदी केली. पुढे पक्ष्याची जागा कायमची चकतीने घेतली.

जुनी रचना का टिकली?

दुनळीच्या रचनेतले मुख्य प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटले होते. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यात अ‍ॅन्सन आणि डीली यांनी बाहेरचा घोडा काढून चापाची सगळी यंत्रणा आत बसवली. बंदूक मोडून उघडली की तीच आतला घोडा चढवी. भाग थोडे आणि मजबूत. याच दशकात ग्रीनरने ‘चोक’ लोकप्रिय केला. चोक म्हणजे नळीचे तोंड किंचित आवळणे. पूर्ण चोक जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, पण त्यामुळे छऱ्यांचा पुंजका लवकर पसरत नाही.

चकतीच्या खेळाने यात एक महत्त्वाचा बदल केला. नळ्या शेजारी शेजारी न ठेवता एकीवर एक ठेवल्या, म्हणजे नेम धरताना डोळ्यांसमोर एकच अरुंद रेघ राहते. जॉन ब्राउनिंगची अशी बंदूक बेल्जियममध्ये त्याच्या मृत्यूनंतर, १९३१ च्या सुमारास बाजारात आली. इटलीच्या पेराझ्झी कारखान्याने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी एम एक्स ८ ही बंदूक तयार केली. तिचा चाप-संच काढून पुन्हा बसवता येतो. हे नमुने आजही चालतात आणि त्यांच्या जुन्या प्रतींना मागणी आहे.

या आवडीमागे वजनाचेही गणित आहे. २४ ग्रॅम छरे सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाले, तर त्यांचा संवेग ९.६ कि.ग्रॅ. मी./से. होतो. दारूच्या वायूंचा वाटा सोडला, तरी ३ किलोची बंदूक ३.२ मी./से. वेगाने मागे येईल, तर ३.६ किलोची २.७ ने. दिवसभरात शंभर-दीडशे बार टाकणाऱ्याच्या खांद्याला हा फरक चांगलाच जाणवतो. उलट शिकारीची हलकी दुनळी झटकन वळते. वजन दोन हातांच्या मध्ये एकवटले असेल तर वळवायला ती आणखी सोपी जाते. जुन्या कारागिराने हा तोल हाताने घासून साधलेला असतो.

पोलादावरचे लेख

इतिहासाच्या अभ्यासकाला जुनी बंदूक आणखी एका कारणाने मोलाची वाटते. तिच्यावर तिचा इतिहास कोरलेला असतो. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांत प्रत्येक नळीतून मुद्दाम जादा दाबाचा बार काढत आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारत. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे आहे. शिक्क्यांवरून बोअर, काडतुसाच्या खोबणीची लांबी, आणि नळी काळ्या दारूसाठी तपासली की धूरविरहित दारूसाठी, हे समजते.

ही माहिती केवळ हौसेची नव्हे. पुष्कळ जुन्या बंदुकांची खोबणी ६५ मि.मी. असते, तर आजची काडतुसे बहुधा ७० मि.मी. ही लांबी बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. दुमडलेले नवे काडतूस त्यामुळे आखूड खोबणीत सहज बसते. बार उडाल्यावर मात्र त्याचे तोंड नळीच्या अरुंद भागात उघडते आणि दाब धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढू शकतो.

काही जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. या दमास्कस नळ्या. लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी पिळून, दांडक्याभोवती गुंडाळून, तापवून घणाखाली जोडत. अम्लाने धुतल्यावर दोन धातूंचा रंग वेगळा पडून नक्षी उमटे. देखण्या असल्या तरी या नळ्यांत जोड शेकडो, आणि एखादा जोड आतून गंजला तर बाहेरून कळत नाही. म्हणून त्या संग्रहात शोभतात, तज्ज्ञाने तपासल्याशिवाय त्यांतून बार काढू नये.

आपल्याकडील कारण

भारतात या सगळ्यात कायद्याची भर पडली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. वेब्ली अँड स्कॉट कारखान्याने तर १९७९ मध्येच छऱ्यांच्या बंदुका करणे थांबवले होते. त्यामुळे देशात आधी आलेल्या विलायती बंदुकांची संख्या वाढणे शक्य नव्हते. त्या एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिल्या आणि त्यांची किंमत चढली. म्हणजे किमतीचा एक भाग कारागिरीचा आहे आणि एक भाग निव्वळ टंचाईचा. हे दोन्ही भाग वेगळे ओळखणे हेच संग्राहकाचे खरे शिक्षण.

चकतीच्या खेळात भारताचे पहिले मोठे नाव बिकानेरचे महाराजा करणी सिंह. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले. पाच ऑलिंपिकमध्ये ते खेळले. मुंबईशी त्यांचे नाते अभ्यासाचे : मुंबई विद्यापीठाने त्यांना इतिहासातील पीएच.डी. दिली होती. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले, तेव्हा हा खेळ घरोघरी माहीत झाला.

हत्याराची दोन वळणे

उपनगरांपुरते पाहिले, तर बंदुकीने आणखी एक काम केले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पक्षी ओळखायचा तर तो मारून हातात घ्यावा लागे. सलीम अली लहानपणी सुट्टीत चेंबूरला राहत, तेव्हा तिथे रान होते. त्यांनी छोट्या एअरगनने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घेण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली आणि तिथूनच त्यांचा अभ्यास सुरू झाला. पुढे दुर्बिणी आणि कॅमेरे चांगले झाले, तसे पक्षी पाहायला बंदूक लागेनाशी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्ण थांबवली. बंदुकीचे ज्ञानाचे काम दुर्बिणीकडे गेले, खेळाचे काम चकतीकडे.

घरातल्या जुन्या बंदुकीचे मात्र काय? बंदूक शंभर वर्षांची झाली म्हणून परवान्यातून सुटत नाही. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला कायदा सूट देतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात. आजोबांचा परवाना, नातवाला नको असलेली जबाबदारी, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करण्याची धावपळ. यामुळे अनेक घरे बंदूक सोडून देणेच पसंत करतात. लोकवस्तीत हत्यारे कमी व्हावीत हे योग्यच आहे. पण बंदुकीबरोबर तिच्यावरचे शिक्के, कारखान्याचा क्रमांक आणि जुन्या परवान्यावरच्या नोंदीही नाहीशा होतात. कोणत्या गावात, कोणाकडे, कोणत्या कामासाठी हे हत्यार होते, याचा तो अस्सल पुरावा असतो. बंदूक सुपूर्द करण्यापूर्वी परवानाधारकाने शिक्क्यांची स्वच्छ छायाचित्रे आणि कागदांच्या प्रती घरच्या दप्तरात ठेवल्या, तर कायदाही पाळला जातो आणि इतिहासही राहतो.

वर्गात याचा उपयोग करायला बंदुकीची मुळीच गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील शस्त्रदालनात विद्यार्थ्यांना न्यावे आणि प्रत्येकाने एकच वस्तू निवडून चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : ही कशाची केली आहे, कशी केली असेल, तिच्यावर कोणती खूण आहे, आणि तिचे काम आज कोण करते? चौथ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा.