टोटोरो आणि यमदूत: एका अफवेची कुळकथा

सिनेमा संपेपर्यंत सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी मेलेल्या असतात, असं म्हणतात. धाकटी मेई तळ्यात बुडाली, थोरली सात्सुकी तिला शोधत मृत्यूच्या दारापर्यंत गेली, आणि झाडाच्या ढोलीत राहणारा तो गुबगुबीत, केसाळ टोटोरो म्हणजे प्रत्यक्ष यमदूत. पुरावे विचाराल तर यादी तयार आहे. तळ्यात एक चप्पल सापडते. मांजराच्या आकाराच्या बसवर ठिकाणांच्या पाट्या फिरतात, त्यांत एकदा ‘कबरवाट’ दिसते. शेवटच्या प्रसंगांत मुलींच्या सावल्या पडत नाहीत. आणि इस्पितळातल्या आईला वाटतं, आत्ता समोरच्या झाडावर आपल्या मुली हसत होत्या.

हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये लागला. पाच-सहा वर्षांच्या पोरांनी पन्नास वेळा पाहावा असा हा सिनेमा. त्याच्या पोटात एवढं मरण कोणी भरलं, हे शोधायचं तर टोटोरोच्याही आधी जावं लागतं, कारण या अफवेला थोरली भावंडं आहेत.

पहिलं भावंड ‘साझाए-सान’. माचिको हासेगावा यांनी १९४६ मध्ये वर्तमानपत्रात सुरू केलेली ही चार चौकटींची घरगुती चित्रमालिका. १९६९ मध्ये ती टीव्हीवर आली आणि अजून चालू आहे. घरातल्या सगळ्यांची नावं समुद्रातली. साझाए म्हणजे शंखाच्या जातीतला एक जीव, धाकटा भाऊ कात्सुओ म्हणजे मासा, बहीण वाकामे म्हणजे समुद्री शेवाळ. शाळकरी मुलांमध्ये या मालिकेचा ‘शेवटचा भाग’ वर्षानुवर्षं फिरला. कुटुंबाला हवाईची सहल बक्षीस मिळते, विमान समुद्रात पडतं, आणि एकेक जण आपल्या नावाप्रमाणे शंख, मासा, शेवाळ होऊन पाण्यात परततो. मालिका संपलेलीच नाही, तर शेवटचा भाग पाहिला कोणी? पण सांगणाऱ्याच्या चुलतभावाने तो नक्की पाहिलेला असे.

दुसरं भावंड आपल्याही ओळखीचं. फुजिको एफ. फुजिओ यांचा ‘डोरेमॉन’ १९७० च्या जानेवारी अंकांपासून जपानी बालमासिकांत येऊ लागला. पुढे अफवा उठली की नोबिता मुळात बेशुद्धावस्थेत इस्पितळात पडून आहे आणि डोरेमॉन, त्याची जादूची उपकरणं, सगळं त्याचं स्वप्न. १९९६ मध्ये फुजिओ गेले. त्यांनी मालिकेला अखेरचा शेवट लिहून ठेवलेला नव्हता, त्यामुळे अफवेला मैदान मोकळं राहिलं. भारतात डोरेमॉन टीव्हीवर रुळल्यावर तिची एक शाखा इकडेही आली. नोबिताला मनोविकार होता आणि डोरेमॉन हा त्याचा भास, अशी ‘खरी गोष्ट’ मराठी घरांतल्या मोबाइलवरही पुढे ढकलली गेली आहे.

या दोन्ही मालिकांमध्ये मुलं मोठी होत नाहीत आणि गोष्ट संपत नाही. ऐकणाऱ्याला मात्र शेवट हवा असतो. लेखक तो देत नाही, म्हणून ऐकणारा स्वतः देतो, आणि सगळ्यांत पक्का, परत उघडता न येणारा शेवट म्हणजे मरण. गोड गोष्टींना कडू शेवट जोडण्याच्या खोडीचं मूळ मला तरी इथे दिसतं.

खोडीला शिस्त आली ती पुस्तकांमुळे. १९९२ च्या अखेरीस ‘इसोनो घराण्याची कोडी’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं. इसोनो हे साझाएच्या माहेरचं आडनाव. घरात खोल्या किती, कोण किती शिकलं, चौकटींत काय विसंगती आहे, याची त्यात गंभीर चेहऱ्याने छाननी होती. ते तुफान खपलं, आणि इतर मालिकांवरही तशाच कोडे-पुस्तकांची रांग लागली. चित्राच्या कोपऱ्यातली पाटी वाचायची आणि तिच्यावरून निष्कर्ष काढायचा, ही सवय वाचकांना लागली. १९९५-९६ मध्ये टीव्हीवर आलेल्या ‘इव्हान्जेलियन’ने तर प्रेक्षकांपुढे मुद्दामच अर्धवट खुणा टाकल्या. पुढे अशा दंतकथा रंगवून सांगणाऱ्या विनोदवीरांचे टीव्ही कार्यक्रम आले, आणि इंटरनेट होतंच. टोटोरोची अफवा या वाटेने वयात आली.

पण टोटोरोच का? याचं एक कारण चित्रपटगृहातच होतं. टोटोरो लागला तेव्हा त्याच तिकिटात दुसराही सिनेमा होता, इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. त्यात १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांनंतर एक भाऊ आणि त्याची चिमुरडी बहीण खरोखरच उपासमारीने मरतात. एका बैठकीत दोन भावंडांचं मरण आणि दोन बहिणींचं हसणं पाहिलेल्या प्रेक्षकांच्या मनात दोन्ही गोष्टी एकमेकींत झिरपल्या असतील, तर नवल नाही.

दुसरं कारण भूगोलात आहे. सिनेमातली शेतं आणि झाडी तोक्योच्या वायव्येला सायतामा प्रांतातल्या तोकोरोझावा आणि सायामा टेकड्यांच्या परिसरावरून घेतलेली. सामानाच्या एका खोक्यावर ‘सायामा चहा’ असं लिहिलेलं दिसतं. त्याच भागात सायामा शहर आहे, आणि १ मे १९६३ रोजी तिथे सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचं अपहरण होऊन खून झाला होता. सात्सुकी हे पाचव्या महिन्याचं जुनं जपानी नाव, मेई हा इंग्रजी ‘मे’चा उच्चार. दोन्ही नावांत मे, खूनही मे महिन्यात! अफवेला एवढं पुरलं. मयत मुलीच्या बहिणीने ‘मोठं केसाळ जनावर’ पाहिल्याचं एक शेपूटही तिला जोडण्यात आलं.

आता उलटतपासणी. सिनेमाचा काळ १९५० च्या दशकातला आहे, म्हणजे खुनाच्या आधीचा. दोन नावांत मे आला कारण मूळ आराखड्यात मुलगी एकच होती, पुढे तिच्या दोन झाल्या. सुरुवातीच्या भित्तिपत्रकावर बसथांब्यापाशी टोटोरोशेजारी एकटी उभी असलेली मुलगी म्हणजे या दोघींची सरमिसळ आहे. चप्पल मेईची नाही, हे सात्सुकी सिनेमातच सांगते. इस्पितळाच्या खिडकीत मुली मक्याचं कणीस ठेवून जातात आणि त्याच्या पानावर ‘आईला’ असं कोरलेलं आई-बाबा वाचतात. शेवटच्या श्रेयनामावलीत आई घरी परतते, मुलींबरोबर न्हाणीत बसते. सावल्यांबद्दल खुद्द सिनेमा बनवणाऱ्या स्टुडिओ जिबलीने २००७ च्या मे महिन्यात खुलासा केला. टोटोरो यमदूत नाही, मेई मेलेली नाही, आणि शेवटी सावल्या काढायची गरज वाटली नाही म्हणून काढल्या नाहीत, एवढंच. खुलाशाने अफवा मेली का? छे. ‘स्टुडिओला खुलासा का करावा लागला?’ हा तिचा नवा पुरावा ठरला. पुढच्या वर्षी मियाझाकींचा ‘पोन्यो’ आला. सोसुके आणि पोन्योच्या त्या बालप्रीतीच्या गोष्टीलाही ‘पुरानंतर सगळे मेलेलेच असतात’ असं शेपूट लागलंच.

माझा आक्षेप अफवेच्या खोटेपणावर नाही. ती आळशी आहे, हे खरं दुखणं. सिनेमात मृत्यूची भीती लपवलेली नाहीच. मियाझाकींच्या लहानपणी त्यांची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. सिनेमातल्या इस्पितळाचं नाव शिचिकोकुयामा. सायामा टेकड्यांच्या टोकाला हाचिकोकुयामा नावाची खरी टेकडी आहे, आणि तिच्या पायथ्याशी क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं. आई मेली तर काय, हा प्रश्न सात्सुकी शेजारच्या आजींपुढे मोठ्याने रडत विचारते. उघड्यावर मांडलेलं हे दुःख सोडून पाटीवरची ‘कबरवाट’ शोधणाऱ्याने सिनेमा पाहिलाच नाही, असं मी म्हणेन.

आणि सायामातला खरा काळोख तर अफवेच्या गावीही नाही. खंडणी न्यायला आलेला माणूस पोलिसांच्या हातून निसटला, त्यांची देशभर छी-थू झाली, आणि तपास बुराकु वस्तीकडे वळला. बुराकु म्हणजे जपानने पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यासारखं दूर ठेवलेला समाज. तिथला चोवीस वर्षांचा काझुओ इशिकावा पकडला गेला. त्याला धड लिहिता येत नव्हतं, आणि पुराव्यात खंडणीची चिठ्ठी होती. महिनाभराच्या कोठडीनंतर त्याने कबुली दिली, पुढे ती नाकारली. १९६४ मध्ये फाशी, १९७४ मध्ये जन्मठेप, १९९४ मध्ये पॅरोलवर सुटका. पुनर्विचारासाठी तो अर्ज करत राहिला.

टोटोरोमध्ये कोणीही मरत नाही. सायामात एक मुलगी मारली गेली, आणि तिला आपण मारलं नाही असं साठ वर्षं सांगणारे इशिकावा मार्च २०२५ मध्ये वारले, तोवर त्यांचा खटला पुन्हा उघडलेला नव्हता.