आसाचे दंतचक्र-गुणोत्तर (मोठ्या टायरांसाठी)

मालवाहू किंवा चारचाकी-चालन वाहनाला मूळपेक्षा मोठे टायर बसवल्यावर क्राउन-पिनियनच्या दात्यांचे प्रमाण बदलून गेलेली ओढ परत मिळवण्याची पद्धत. ४१ दाती क्राउन व १० दाती पिनियन असल्यास गुणोत्तर ४.१० होते; म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्ट ४.१० फेरे घेतो.

टायरचा व्यास वाढला की एका फेऱ्यात अंतर जास्त कापले जाते, इंजिनाचे फेरे घटतात आणि चढावर गाडी दमते. नवे गुणोत्तर काढण्यासाठी जुने गुणोत्तर नव्या व्यासाने गुणून जुन्या व्यासाने भागतात. ३.७३ गुणोत्तराच्या गाडीला ३१ ऐवजी ३५ इंची टायर घातल्यास उत्तर ४.२१ येते. बाजारात सहसा मिळणारे जवळचे संच ४.१० आणि ४.५६. डोंगराळ रस्ता, ओझे किंवा ट्रेलर असेल तर ४.५६ घ्यावा, कारण मोठा टायर जडही असतो आणि ते वजन या सूत्रात येत नाही. ४.५६ लावल्यास सरळ गिअरमध्ये ताशी १०० किमीला इंजिन मूळ सुमारे २,५०० ऐवजी २,७०० फेऱ्यांवर चालेल. महामार्गावरच धावणाऱ्या गाडीला ४.१० पुरेसा.

चारचाकी-चालनात पुढच्या व मागच्या आसांचे गुणोत्तर जुळलेच पाहिजे, अन्यथा चांगल्या पकडीच्या रस्त्यावर ट्रान्सफर केसवर (दोन्ही आसांना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर) घातक ताण येतो. काही आसांत गुणोत्तरानुसार क्राउन धरणारा भागही बदलावा लागतो; उदाहरणार्थ, डाना ४४ या प्रकारच्या आसात ३.७३ पर्यंत एक डिफरन्शियल कॅरिअर आणि ३.९२ पासून दुसरा लागतो. कॅरिअर बदलण्याचा खर्च आधीच धरावा. दात्यांमधील मोकळीक व स्पर्शखूण अचूक जुळवणे हे कसबी कारागिराचे काम आहे. स्पीडोमीटरही नव्याने जुळवावा लागतो.