परक्या आकाशातील पाहुणी

चैत्र-वैशाखातील दुपारी केशवापूरच्या घरांवर घारी घिरट्या घालताना दिसतात. पंख हलत नाहीत, तरी घार वरवर चढत जाते. हुबळीभोवतालची काळी जमीन उन्हाने तापली की तिच्यावरील हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर उठते, आणि घार त्या स्तंभात फेर धरते. इंजिनावाचून उडणाऱ्या ग्लायडरची भिस्तही पुष्कळशी याच युक्तीवर असते. मात्र घार आपल्याच गावच्या आकाशात उडत असते. परदेशी क्लबात पाहुणा म्हणून गेलेल्या वैमानिकाला तेथील वारा, डोंगर, उतरण्याच्या जागा यांची माहिती नसते. म्हणूनच त्याच्यापाशी परवाना असला तरी यजमान क्लबाचा शिक्षक बहुधा प्रथम त्याला आपल्याबरोबर उडवून पाहतो.

परकी हवा कशी फसविते, हे जर्मनीच्या हाना राइच हिने १९३४ साली अनुभविले. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीतील इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले, तेव्हा तेथील तरुण डोंगरउतारांवरून ग्लायडर उडवू लागले. हाना त्याच पिढीतली. प्राध्यापक वाल्टर गेओर्गी यांच्या पथकाबरोबर ती ब्राझील व अर्जेंटिना येथे गेली. साओ पाउलोवर हवेचा स्तंभ सापडला असे समजून तिने ओढणाऱ्या विमानाचा दोर सोडला; पण तो स्तंभ लगेच विरला. खाली सगळे शहर! अखेर खेळ चालू असलेल्या फुटबॉलच्या मैदानावर तिला उतरावे लागले.

पुढे पंचवीस वर्षांनी, १९५९ मध्ये, पंतप्रधान नेहरूंच्या निमंत्रणावरून ग्लायडिंगच्या प्रसारासाठी ती भारतात आली आणि खुद्द नेहरूंना घेऊन तिने दिल्लीवरून ग्लायडर उडविले. येथे इतिहासाच्या वाचकाला थोडे थबकावे लागते. नेहरू हे १९३६ साली रोममध्ये मुसोलिनीची भेट नाकारणारे. आणि ही पाहुणी हिटलरच्या हातून आयर्न क्रॉस स्वीकारणारी, एप्रिल १९४५ मध्ये वेढलेल्या बर्लिनमध्ये विमानाने जाऊन त्याच्या तळघरापर्यंत पोहोचलेली. त्या नात्याबद्दल तिला मनापासून पश्चात्ताप झाल्याचे पुढेही दिसले नाही. तिच्या हातातील कसब अस्सल होते यात वाद नाही. परंतु कसबाच्या कौतुकात माणसाचा पूर्वेतिहास झाकला जाऊ नये.

१९६२ पासून ती घानात अध्यक्ष एन्क्रुमा यांच्यासाठी ग्लायडिंगची शाळा चालवीत होती. १९६६ मध्ये त्यांची सत्ता उलथली आणि तिलाही तो देश सोडावा लागला.

भारतात ही विद्या काही तिच्यापासून सुरू झाली नाही. पुण्याजवळ हडपसर येथे सरकारी ग्लायडिंग केंद्र १९५० मध्येच निघाले होते. पुढे आपल्या देशात आखलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावे मिळाली. अश्विनी १९५८ साली उडाले, रोहिणी १९६१ साली. या रोहिणीत गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात.